वाचकाची जागा

आत्याबाईंनी एकदम दोन पानं उलटली, तरी त्यांचं वाचन काही थांबलं नाही.

दुपारची वेळ. देवळाच्या सभामंडपात आमचा साक्षरतेचा वर्ग भरला होता. कुणी मांडीवर नातू थोपटत होतं, कुणी पुस्तिकेखाली लपवून भाजी निवडत होतं. मधोमध आत्याबाई बसल्या होत्या, पाठ ताठ, पुस्तिका समोर आणि बोट ओळीवर. "पाणी उकळून गार करावे. गार पाणी झाकून ठेवावे." आवाज असा खणखणीत, की गाभाऱ्यातल्या मारुतीनंही पाणी झाकून ठेवलं असतं. मी कौतुकानं जवळ सरकले आणि पाहिलं, तर त्यांचं बोट शेळीच्या चित्रावर होतं.

"आत्याबाई, हा कुठला धडा?"

"पान्याचा."

"इथं तर शेळी आहे."

त्यांनी खाली वाकून नीट पाहिलं. "आसंल की. पानी प्यायला आली आसंल."

वर्ग हसला. मीही हसले, आणि मग लक्षात आलं. महिनाभर ज्या बाईचं नाव मी गावभर सांगत होते, जिच्याकडं बोट दाखवून बाकीच्यांना म्हणत होते, यांच्यासारखं वाचा, तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. प्रत्येक धडा मी आधी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायची. तेवढं त्यांना पुरत होतं.

चांगुणाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला आणि माहेरी आल्या, त्या इथल्याच झाल्या. शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. पण कीर्तन म्हटलं की हातातलं खुरपं जागीच टाकून निघायच्या. माझे वडील पखवाज वाजवायचे, त्यामुळं मीही कीर्तनाच्या मांडवातच वाढलेली. सासरी आल्यावर नवऱ्याशी मनमोकळं बोलायला मला वर्ष लागलं, आत्याबाईंशी मात्र पहिल्याच सप्त्यात सूत जुळलं. आसपासच्या कुठल्याही गावात कीर्तन असो, आम्ही दोघी भाकरी बांधून टेंपोच्या पाठीमागं बसलेल्या असायचोच. बुवांनी चरण अर्धा सोडला की बायकांच्या बाजूनं पहिला आवाज आत्याबाईंचा. एकदा ऐकलं की ते त्यांचं झालं.

मी डी.एड. झालेली, पण नोकरी नाही. प्रौढांच्या वर्गाला शिकवणारं कुणी हवं म्हणून गावानं मला विचारलं तेव्हा सगळ्यात आधी आत्याबाईंनीच नाव घातलं आणि दारोदार फिरून इतर बायकांना ओढून आणलं. का, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तूर पाखडता पाखडता मी हळूच विषय काढला. त्यांना लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. म्हणाल्या, "वाचनंच की ते. पारायनाला आम्ही वळीनं बसतो, म्होरं पोथी आसती. शेजारनीनं पान उलाटलं की आपुनबी उलाटायचं. तोंड तर चालूच आसतं. वाचनं म्हंजे आनखी काय आसतं, प्रभे?"

दोन वर्षं मी अध्यापनाचे पाठ घेतले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि आता ज्यांनी विचारला, त्या खोटं वागत नव्हत्या. पोथीसमोर भक्तिभावानं बसायचं, ओळ म्हणायची, वेळेवर पान उलटायचं, यालाच त्या जन्मभर वाचन समजत आल्या होत्या. पारायणाच्या ओळीतल्या निम्म्या बाया तशाच वाचत असणार, याची मला त्या क्षणी खात्री पटली. मी त्यांना समजावलं, की न ऐकलेलं, न पाठ असलेलं, कागदावरून उचलता आलं तर ते वाचन.

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "म्हंजे माझी ती जागा गेली म्हनायची."

ती जागा म्हणजे वाचकाची.

आमच्या गावात लिंबाजीबुवांची समाधी आहे. त्यांच्या चरित्राची एक जुनी पोथी देवळात आहे. टपोऱ्या अक्षरांची, सुट्या पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून लाल फडक्यात बांधलेली. तिची दुसरी प्रत कुठं कुणी पाहिलेली नाही. श्रावणाच्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला ती सोडायची आणि महिनाभर वाचायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अर्थ सांगायला दामूअण्णा. वाचायला शेलारतात्या. एका पावसाळ्यात उंदरांनी पानांचे कोपरे कुरतडले आणि पानांवरचे आकडे त्यांच्या पोटात गेले. तेव्हापासून तात्या पोथीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पण आता तात्यांची नजर गेली होती. पोरं शिकून पुण्या-नाशकाला गेलेली. जी गावात होती, त्यांचं म्हणणं असं की महिनाभर रोज कोण बसणार?

आत्याबाईंनी तात्यांच्या तोंडून अख्खी पोथी चाळीस श्रावण ऐकली होती. त्या दामूअण्णांकडं गेल्या आणि मी वाचते म्हणाल्या. अण्णा बेरकी, पण मनाचा मोकळा माणूस. त्यांनी तिथल्या तिथं परीक्षा घेतली. सांगितलं, दुष्काळाच्या अध्यायातली म्हातारीची ओवी घे. आत्याबाईंनी डोळे मिटले आणि अध्यायाच्या पहिल्या ओवीपासून सुरुवात केली. म्हातारी यायला इतका उशीर लागला, की अण्णांना तिचं काम काय होतं तेच आठवेना.

ते म्हणाले होते, "चांगुणे, तुझी गाडी नुसती पुढंच पळती. मला अर्थ सांगता सांगता चार ओव्या मागं जायला लागतं. मी थांब म्हणालो तर तू थांबशील कुठं?"

देवस्थानचे अध्यक्ष नानासाहेब तिथंच बसले होते. ते हसून म्हणाले, की वाचक म्हणून बाई बसायला माझी हरकत नाही, पण वाचणारी पाहिजे; नुसतं वाजवायचंच असेल तर मी टेपरेकॉर्डर आणून ठेवतो. आत्याबाई ते हसणं पदरात बांधून घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात नाव घातलं.

आता श्रावणाला सहा-सात महिने उरले होते.

मला वाटलं होतं, इतकं पाठ असलेल्या बाईला अक्षरं चुटकीसरशी येतील. झालं उलटंच. कोरी पाटी असलेल्या बाया महिन्या-दोन महिन्यांत शब्द जुळवू लागल्या. सरूबाई तर चार माणसांत तोंड उघडत नसे, ती सिमेंटच्या गोणीवरचं नाव लावायला लागली. आत्याबाई मात्र जागच्या जागी. पहिलं अक्षर दिसलं की तोंड पुढं पळायचं आणि डोळा मागं राहायचा. ओळखीचा मजकूर असला की पाठच म्हणायच्या, अनोळखी असला की ओळखीचं काहीतरी त्यात घुसवायच्या. लग्नपत्रिका दिली, तर 'श्री' पाहून आरती सुरू केली.

मग मी युक्ती केली. त्यांच्याच आवडीची एक ओवी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडं वाचत या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी देवाला पाठीकडून हार घालायला सांगत होते.

"बुवांची ववी उलटी? पाप लागंल मला."

"लागलं तर माझ्या माथी."

"तुझ्या माथी कशाला? तुला अजून लेकरंबाळं वाढवायचीत." आणि पुस्तिका मिटून घरी निघून गेल्या.

दोन दिवस आल्या नाहीत. स्वयंपाकघरात माझ्याशी बोलायच्या ते फक्त मीठ-मिरचीपुरतं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावी कीर्तन होतं. रुसवा असला तरी कीर्तन काही चुकवायचं नव्हतं, तेव्हा आम्ही टेंपोत शेजारी बसून एक शब्द न बोलता गेलो. त्या दिवशीचे बुवा मोठे रसाळ. एकच चरण घेतला आणि पुढं जाईनातच. त्याचा एक शब्द उचलावा, तो घोळवावा, बाजूला ठेवावा, दुसरा उचलावा. मांडव डोलत होता. परतताना मी अंधारात म्हटलं, "आत्याबाई, आज बुवांनी किती म्हटलं?"

"किती कुठं? येकच तर चरण."

"मग कमी पडलं का?"

"कमी कसं पडंल? पोट भरलं की."

"ते एका शब्दावर थांबले म्हणून पोट भरलं. मी तुम्हाला तेवढंच सांगतेय. थांबा."

गाव आल्यावर टेंपोतून उतरताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला. त्याची त्यांना काही गरज नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्या फळ्यासमोर बसल्या. ओठ घट्ट मिटलेले. तोंड पळू नये म्हणून त्यात लवंग धरली होती. शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं, अक्षर अक्षर चाचपलं आणि घाम पुसत म्हणाल्या, "व... डा... खा... ली." मग त्याच्या आधीचा. मग त्याच्याही आधीचा. उलटं जाताना आठवणीला वाट सापडेना, त्यामुळं बिचाऱ्या डोळ्यांना काम करावंच लागलं. असं रोज. लवंगांचा खर्च वाढला म्हणून सासूबाई कुरकुरल्या, तेवढंच.

आणि एक दिवस त्या देवळाच्या दाराशी थबकल्या. वर्ग सुटला होता. दारावर एक पत्र्याची पाटी पूर्वीपासून होती. आत्याबाई मान वर करून तिच्याकडं पाहत उभ्या राहिल्या, ओठ हलत होते. मला वाटलं नमस्कार करतायत. तर त्या एक एक शब्द खाली उतरवत म्हणाल्या, "येथे... चपला... काढू... नयेत."

पाटीच्या बरोबर खाली चपलांची रांग होती. पहिला जोड त्यांचा. लग्नाआधीपासून त्या तिथंच चपला काढत आल्या होत्या.

त्या मटकन पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मारुतीराया," त्या आत बघून म्हणाल्या, "इतकी वर्सं बोलला न्हाईस रं." मग उठल्या आणि दोन्ही चपला हातात घेऊन पारापलीकडं ठेवून आल्या.

पुढं साक्षरतेची परीक्षा झाली, त्या पास झाल्या. प्रमाणपत्र आलं ते त्यांनी देवाच्या तसबिरीमागं खोचलं. म्हणाल्या, हे सरकारचं झालं, आता बुवांचं राहिलं.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी दिवेलागणीला सभामंडप गच्च भरला. माझा अख्खा वर्ग पुढं बसला होता. आत्याबाईंना वाचकाच्या पाटावर बसवायचं ठरलं होतं खरं, पण नानासाहेबांनी अट सोडली नव्हती. पहिला दिवस बघू, अडखळत असली तर उद्यापासून तालुक्याहून माणूस बोलावू. मग त्यांनी देवळाला दिलेल्या नव्या पंख्याचं उद्घाटन होतं. उंच दांड्याचा, परातीएवढ्या पात्यांचा पंखा. नारळ फुटला, पंख्याला कुंकू लागलं. इकडं तात्यांनी चाचपत लाल फडकं सोडलं, वरची फळी उचलली आणि पोथी आत्याबाईंच्या पुढ्यात सरकवली. त्याच घटकेला नानासाहेबांनी मोठ्या हौसेनं बटण दाबलं.

पानं उडाली. थव्यानं उडाली. कुणाच्या फेट्यावर, कुणाच्या मांडीवर, समईला चाटून एक, गाभाऱ्यात दोन-चार, बाकीची सगळ्या मंडपभर. पंखा बंद होईपर्यंत दोन फळ्यांच्या मध्ये लाल फडक्याशिवाय काही उरलं नव्हतं.

तात्यांना दिसत नव्हतं, पण फडफड ऐकू आली होती. ते नुसतं विचारत राहिले, काय झालं, काय झालं. नानासाहेबांचा चेहरा उतरला होता. पानांवर आकडे नाहीत, दुसरी प्रत नाही. कुणीतरी म्हणालं, यंदा पोथी बंद ठेवू, पानं लावायला दिवाळी उजाडेल. दामूअण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

माझं सगळं लक्ष आत्याबाईंवर. मला वाटलं, त्या आता उठतील. इतक्या महिन्यांची लवंग आणि घाम, सगळं या वाऱ्यावर गेलं.

त्या उठल्या नाहीत. त्यांनी मिटल्या डोळ्यांनी हात जोडले, मग डोळे उघडून मंडपाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जे पान जिच्याजवळ पडलंय, तिनं ते उचला. त्याची पहिली वळ वाचून ठेवा. गडबड करू नका."

आणि त्यांनी पहिल्या ओवीपासून पोथी म्हणायला सुरुवात केली. पाठ. ज्या आठवणीला मी सहा महिने दावं बांधायला धडपडत होते, तिला त्यांनी मोकळं सोडलं. मंगलाचरण आपल्या चालीत वाहू लागलं. समोरच पडलेलं पहिलं पान त्यांनी उचललं, बोट ओळींवरून सरकत राहिलं. पान संपलं, तशा त्या थांबल्या. नजर वर केली.

"'तंव दारी आला याचक', इथून चालू होनारं पान कुनाकडंय?"

मंडपात सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ओठ हलू लागले. माझ्या वर्गातल्या बाया बोट लावून आपापल्या पानाची पहिली ओळ जुळवत होत्या. मागून एक बारीक आवाज आला.

"माझ्याकडं."

सरूबाई होती. पान छातीशी धरून ती माणसांतून वाट काढत पुढं आली. आत्याबाईंनी पान घेतलं, पहिली ओळ डोळ्यांनी तपासली, मान डोलावली आणि तिथून पुढं निघाल्या.

मग ते कीर्तनच झालं. आत्याबाईंनी चरण सोडायचा आणि मंडपानं उचलायचा. त्या पुढं म्हणत जायच्या, पान संपलं की थांबायच्या, पुढच्या पानाची ओळ हाकारायच्या आणि कुठून तरी, कधी बायकांतून, कधी गड्यांतून उत्तर यायचं, "माझ्याकडं." एखादी अडली तर शेजारीण वाकून मदत करायची. कुणी चुकून भलतंच पान आणलं, तर आत्याबाई ते वाचून परत द्यायच्या, "हे म्होरच्या अध्यायाचं, जपून ठिव." तात्या भिंतीला टेकून ऐकत होते आणि प्रत्येक पान जुळलं की बोटानं मांडीवर ताल धरत होते. कुणी घड्याळ पाहिलं नाही. समईत दोनदा तेल घालावं लागलं.

दुष्काळाचा अध्याय आला तेव्हा त्यांनी विचारलं, "'गुरे सुटली रानोरानी' कुनाकडंय?"

उत्तर येईना. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा नानासाहेब उठले. एक पान मघापासून त्यांच्या हातात होतं. ते दोन्ही हातांवर धरून ते पुढं आले आणि वाकून त्यांनी ते पाटापुढं ठेवलं.

"माझ्याकडं आहे, आत्या," ते म्हणाले.

आत्याबाईंनी पान लावून घेतलं आणि म्हणाल्या, "नाना, पंखा चांगलाय. फकस्त त्याचं तोंड तिकडं करा." मंडप खो खो हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं नानासाहेब.

शेवटचं पान गाभाऱ्यात मारुतीच्या पायाशी सापडलं. फळी बसली. मग दामूअण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, की पहिला दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही, थोडं वाचूनच उठू. दुष्काळाचाच अध्याय घ्या, मागं तो अर्धाच राहिलाय.

आत्याबाई वाचू लागल्या. आता चाल संथ होती. एक ओवी, मग अण्णांचा अर्थ, मग दुसरी. लिंबाजीबुवा वडाखाली बसलेत, कोरडी घागर घेऊन पोर रडत येते, असं चाललं होतं. अण्णा रंगात आले, आपल्या लहानपणच्या दुष्काळावर गेले, तिथून विहिरीवर, विहिरीवरून कुठं भलतीकडंच. बोलता बोलता ते हातानं पुढं चला अशी खूण करत राहिले, आणि तोवर आत्याबाई सात-आठ ओव्या पुढं गेल्या होत्या. अण्णा एकदम थांबले, कपाळाला हात लावला. सवयीनं त्यांची मान तात्यांकडं वळली. मग ती हळूच पाटाकडं आली.

"वाचक," ते म्हणाले, "ती पोरीला थांबवतात ती ओवी परत घ्या."

आत्याबाई पहिल्या ओवीकडं गेल्या नाहीत. डोळेही मिटले नाहीत. त्यांचं बोट पानावरून मागं निघालं, एक ओळ, आणखी एक, आणखी एक, आणि एका जागी येऊन थांबलं.

*बुवा म्हणती थांब बाळे । उघड आपुले डोळे ।*
*पाणी तुझ्या पायातळे । झुळझुळते ॥*